मळ्याच्या हौदातले गवत

दि. १७ फेब्रुवारी १९६४ रोजी मी तीन रुपये पासष्ट नये पैसे देऊन वडिलांच्या फोटोला चौकट करून घेतली. खामगावात बाजारामागच्या गल्लीत भगवानराव फ्रेमवाल्यांचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर. भिंतींवर लक्ष्मी, दत्त, बालाजी आणि गावातली गेलेली माणसे दाटीने टांगलेली असत. गिऱ्हाईक आत शिरले की इतक्या डोळ्यांपुढे आवाज आपोआप खाली यायचा. उगवतीकडच्या भिंतीत एक रुंद खिडकी होती. फोटो कागदात गुंडाळला जाईपर्यंत मी त्या खिडकीतल्या बरणीकडे पाहत राहिलो.

बरणी लोणच्याची होती, पण तिच्यात पाणी होते आणि पाण्यात पाच-सहा लांब, पिवळट पाने उभी होती. फीत सोडून ठेवावी तशी. एकदोन पानांची टोके कुजून पारदर्शक झाली होती.

"हे कशाचं औषध?" मी विचारले.

"औषध नाई साहेब," भगवानराव सुतळीला गाठ मारत म्हणाले. "त्याचं मले इचारू नका. मी फक्त काचेचा मालक. पाण्याची मालकीण आतमंधी हाय."

पाण्याच्या मालकीणबाई, म्हणजे विमलबाई, त्याच वेळी चहा घेऊन बाहेर आल्या. तिशीच्या आतबाहेर, ठेंगण्या, कामाने घट्ट झालेल्या हातांच्या. नवरा काय बोलला ते त्यांनी ऐकले होते. कप माझ्यापुढे ठेवून त्या बरणीजवळ गेल्या आणि तिचे तोंड पदराने पुसले, जसे एखाद्या लहान मुलाचे पुसतात.

"आमच्या मळ्यातल्या हौदातलं गवत हाय," त्या म्हणाल्या. "जगून नाई राह्यलं."

मी त्या वेळी सहकारी कापूस जिनिंगच्या कचेरीत अकौंटंट होतो आणि त्याच गल्लीच्या टोकाला राहत होतो. पुढे जाण्यायेण्यात आमची ओळख वाढली. माझी पत्नी आणि विमलबाई एकमेकींकडे बसू-उठू लागल्या. आज लिहितो आहे ते काही माझ्या डोळ्यांनी पाहिलेले, काही पत्नीच्या तोंडून कळलेले.

विमलबाईंचे माहेर निंबखेडी. वडील कडूबा, जातीचे माळी, नदीकाठी मळा. विहिरीला लागून दगडी हौद होता. मोटेचे पाणी आधी त्यात पडायचे, मग पाटाने वांग्याला, मिरचीला, मेथीला जायचे. पोर असताना विमलबाईंचे काम एकच, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हौदाच्या काठावर बसून भाजीच्या जुड्या धुवायच्या. हात पाण्यात घातले की तळाचे लांब गवत मनगटांना लागायचे. पाणी पाटाकडे ओढले जायचे तसे सगळे गवत एका बाजूला कलायचे आणि मोट ओतली की उलट्या बाजूला. त्या सांगत, "त्याच्याकडे पाहत राह्यलं की जुड्या धुवायच्या राहून जात. मंग बाबा वरतून ओरडायचे, विमल, झोपली का तिथी?"

मग धरण आले. धरण तसे लहानच, पण निंबखेडी त्याच्या पाण्याच्या रेषेत होती. ६३ सालच्या उन्हाळ्यात गाव हलले. लोकांनी घरांची दारे काढली, सागाचे खांब काढले, कौले उतरवली. झाडांचा लिलाव झाला. विमलबाईंच्या भावाने मोटेचे लोखंडी चाक गाडीत घातले, वहिनीने जाते घेतले. विमलबाई शेवटच्या त्या आठवड्यात माहेरी गेल्या होत्या. लेकीने काय घ्यावे? भांड्यांवर सुनांचा हक्क, जमिनीच्या मोबदल्यावर भावाचा. गवतावर कोणाचाच नव्हता. निघायच्या दिवशी त्यांनी हौदात वाकून मुळासकट एक झुबका उपटला, तांब्यात घातला आणि तांब्या मांडीवर धरून खामगावपर्यंत आल्या. त्या पावसाळ्यात हौदावर पाणी चढले. खोल, गढूळ पाणी. तिथे तळाला ऊन पोचत नाही, म्हणजे तिथले गवत गेलेच.

"आता हेच," त्या बरणीकडे बोट करून म्हणायच्या. "हे मेलं की तिथलं जितं काही उरत नाई."

आणि ते मरत चालले होते. मुठीएवढ्या झुबक्यातली पाच-सहा पाने उरली होती.

का मरत होते, ते त्या घरात कोणालाच कळत नव्हते, कारण जे त्याला मारत होते ते त्या घराचे पुण्यकर्म होते. विमलबाईंच्या सासूबाई, सरस्वतीबाई, पहाटे उठून पहिले काम करीत ते घरातले शिळे पाणी फेकून देण्याचे. माठ, घागर, देवघरातली लोटी, सगळे रिते करून घासायचे आणि ताजे पाणी भरायचे. रात्र ओलांडलेले पाणी घरात राहिले की दलिंदर येते, ही त्यांची पक्की समजूत. बरणीतही पाणीच होते. तेव्हा त्या तिलाही सोडत नसत. गवत बाहेर काढायचे, बरणी राखेने घासायची, ताजे पाणी भरायचे आणि गवत पुन्हा आत. प्रेमाने करीत, हे सांगितले पाहिजे. सुनेचे काम आपण करतो, याचे त्यांना समाधान होते. रोज उपटून रोज लावलेले रोप कुठे जगते? पण माळ्याच्या लेकीलाही हे रोप वाटत नव्हते, पाण्यातली वस्तू वाटत होती.

आमच्या जिनिंगचे मॅनेजर एक पारशी गृहस्थ होते. त्यांच्या बंगल्यात काचेची मोठी पेटी होती, तिच्यात मासे आणि हिरवी झाडे. एकदा सही घ्यायला गेलो असता मी त्यांना बरणीची गोष्ट सांगितली. ते खूप हसले. मग म्हणाले, "पाण्याला राहू द्या. तुम्ही लोक फार सेवा करता. पाणी जुनं झालं तरच त्यात झाड बसतं. खाली धुतलेली रेती, सकाळचं थोडं ऊन, आणि हात खिशात." खत घालू नका, हेही त्यांनी दोनदा बजावले.

मी हा निरोप दुकानात आणला. भगवानराव ऐकत होते. त्यांनी फूटपट्टी काढून खिडकीचे माप घेतले.

पुढच्या महिन्यात पेटी तयार झाली. लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यात दुकानातल्या जाड काचा. सांधे बुजवायला खडूची भुकटी, जवसाचे तेल आणि शेंदूर यांची लांबी त्यांनी स्वतः मळली. पेटीच्या कडा शेंदरी दिसू लागल्या, तेव्हा सरस्वतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"शेंदूर फासला? मंग आता नारळ फोडा न् पुजारी नेमा."

"पुजारी तू हायच की माय," भगवानराव म्हणाले. "सकाळी उठून पाणी तूच बदलतं."

लांबीचा वास आणि तवंग जाईपर्यंत पेटी पुन्हा पुन्हा भरून रिती करावी लागली. त्यात सरस्वतीबाईंचा उत्साह कामी आला. त्यानंतर विमलबाईंनी पहिली चूक केली. तळाला काळी माती घातली, वर मूठभर कुजलेले शेणखत. गाव कपाशीचे, माती उत्तम, आणि माळ्याच्या हाताला खताशिवाय रोप लावणे जमत नाही. पाणी ओतले तसे पेटीत काळे ढग उठले, ते आठवडाभर खाली बसले नाहीत. बसले तेव्हा पाण्याला गटाराचा वास सुटला होता. भगवानराव गिऱ्हाइकांना सांगत, "चहाची पेटी हाय. कप आणा अन् भरून न्या."

सगळे काढून टाकले. मग पूर्णा नदीची रेती आणली. ती विहिरीवर घमेल्यात धुतली, वरचे पाणी नितळ निघेपर्यंत. चार बोटे जाडीचा थर, मागच्या बाजूला थोडा उंच. पाणी भरताना रेती उखडू नये म्हणून विमलबाईंनी रेतीवर ताटली ठेवली आणि ताटलीवर हळूहळू धार सोडली. पाणी एक दिवस तसेच राहू दिले आणि मग बरणीतले गवत त्यात लावले. तोपर्यंत त्याचे दोन बुडखे उरले होते.

एक बुडखा त्यांनी वांग्याच्या रोपासारखा गळ्यापर्यंत पुरला. दुसरा घाईत उथळ लागला. पुरलेला आठ दिवसांत आतून कुजला, हात लावताच सुटून वर आला. उथळ लागलेला तगला. त्याची मुळे रेतीत होती, पण पाने जिथून फुटतात तो पांढरा भाग रेतीच्या वर मोकळा होता. विमलबाई ते पाहून समजल्या. ही वांगी नव्हेत, याची मान मोकळी लागते.

राहिला प्रश्न शिळ्या पाण्याचा. सरस्वतीबाई हटायला तयार नव्हत्या. देवांच्या फोटोंखाली शिळे पाणी ठेवायचे आणि व्यवहारात बरकत मागायची, हे त्यांना पटत नव्हते. इथे विमलबाईंनी जी तडजोड काढली तिला तोड नाही. त्या सासूला म्हणाल्या, "आत्याबाई, नदीचं पाणी आपण रोज फेकतो का? त्यातलं घागरभर काढतो, बाकी नदीचं नदी पाहते. तुम्ही रोज यातला एक तांब्या काढा अन् तुळशीले घाला. एक तांब्या ताजं भरा."

सरस्वतीबाईंनी विचार केला. नदी शिळी होत नाही, हे त्यांना नाकारता येईना. तेव्हापासून रोज सकाळी त्या रबरी नळीने तळाकडचे गाळासकटचे पाणी तांब्याभर ओढून घेत आणि तुळशीला घालत. आदल्या संध्याकाळी उघड्या घागरीत काढून ठेवलेले पाणी पेटीत भरत. ते पाणी एक रात्र शिळे असते, हे त्यांच्या लक्षात आणून देण्याचे धाडस घरात कोणी केले नाही. तुळस त्या वर्षी कंबरेइतकी झाली.

पावसाळा निम्मा सरला आणि गवताने मनावर घेतले. रेतीसरशी एक आडवा धुमारा निघाला, बोटभर पुढे जाऊन त्याने मुळे सोडली आणि तिथे नवे रोप उभे राहिले. त्या रोपाने पुन्हा तसेच केले. गणपती उठले तेव्हा एक रांग होती, दिवाळीत रान झाले होते. गल्लीतल्या विहिरीत डासांसाठी सोडलेले गप्पी मासे भगवानरावांनी थोडे आणून पेटीत सोडले. सरस्वतीबाईंनी एक दिवस पाहून घेतले आणि म्हणाल्या, "यांचं कालवण कोणत्या चमच्यात करावं बाप्पा?" काचेवर हिरवे शेवाळ धरू लागले, तेव्हा ऊन चढले की खिडकीला गोणपाट टांगायचे ठरले. सकाळचे ऊन तेवढे आत येऊ द्यायचे. कुजलेले पान दिसले की काढून टाकायचे. याशिवाय कोणी काही करीत नसे.

त्या हिवाळ्यात मी कचेरीला जाताना दुकानाशी थांबू लागलो. काही काम नसे. कोवळे ऊन खिडकीतून पाण्यात उतरायचे आणि पलीकडून बाहेर पडताना हिरवे होऊन यायचे. मग समोरच्या भिंतीवरच्या सगळ्या काचांत ते हलू लागायचे. लक्ष्मी पाण्याखाली बसलेली दिसायची. बालाजीच्या मुकुटावरून मासे जायचे. गावातली गेलेली माणसे, पागोटी घातलेली, जरीचे पदर घेतलेली, त्या हिरव्या उजेडात अशी दिसत की ती कुठे गेली आहेत ते आपल्याला आता कळेल, आणखी थोडे थांबले पाहिजे. भगवानराव खिळे ठोकायचे थांबत. रस्त्यावरून सरकीच्या गाड्या जात असत, त्यांचा आवाजही पाण्यातून आल्यासारखा मऊ वाटायचा.

विमलबाई कामे आटोपून पेटीसमोर पाटावर बसत. एकदा माझी पत्नी त्यांच्या शेजारी बसली होती.  मग विमलबाई म्हणाल्या, "ताई, आमच्या ओसरीवर आता असेच माशे फिरत असतील, नाई? चुलीपाशी जात असतील. त्याईले कोणी हाकलत नसंल." त्या रडत नव्हत्या. एखाद्या दूरच्या गावाला बरा पाऊस झाला असे सांगावे, तसे सांगत होत्या. पत्नी घरी येऊन म्हणाली, तिथे बसले की जागे आहोत की नाही ते कळत नाही.

विमलबाईंच्या मनात एकच गोष्ट होती. बाबांना हे दाखवायचे.

कडूबांना नव्या वस्तीत जागा मिळाली होती, पण मळा नव्हता. मुलाने बरड जमिनीत ज्वारी पेरली. कडूबा दिवसभर ओट्यावर बसून असत. परसात वांग्याची चार रोपे लावा म्हटले तर म्हणत, "कोणासाठी?" जन्मभर ज्यांची बोटे मातीत होती त्यांनी मातीला हात लावणे सोडले होते. भाऊ निरोप पाठवायचा की बाबा जेवतात, झोपतात, पण घरात नसल्यासारखे असतात. विमलबाईंना वाटे, हौदातले गवत जिते आहे हे पाहिले की ते परत येतील. हे त्यांनी कोणाला समजावून सांगितले नाही. पण कडूबांच्या डोळ्यांच्या कामासाठी त्यांना खामगावला आणायचे ठरले, तेव्हापासून त्या रोज काच पुसू लागल्या.

६५ सालच्या मे महिन्यात कडूबा आले. उंच, वाळलेले, डोळ्यांत मोतीबिंदूचा ढग. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून एक डोळा पावसाळ्यानंतर करू म्हणून सांगितले. संध्याकाळी घरी येईपर्यंत दुकानात अंधार झाला होता. विमलबाईंनी पेटीवर गोणपाट टाकून ठेवले. दाखवायचे ते सकाळच्या उन्हात.

पण माळी उन्हाआधी उठतो. त्या दिवशी रविवार होता, म्हणून पुढचे मी पाहू शकलो. सकाळी दूध घेऊन येताना मला दुकानाचे दार उघडे दिसले. कडूबा बाह्या वर सारून पेटीपाशी उभे होते. पेटी रिकामी होती. म्हणजे पाणी होते, धुतलेल्यासारखी रेती होती, मासे बावरून कोपऱ्यात गोळा झाले होते. गवताचे एक पान नव्हते.

विमलबाई आतल्या दारात उभ्या होत्या.

"उठली का?" कडूबा त्यांना म्हणाले. त्यांचा आवाज चांगला प्रसन्न होता. "हौद साफ करून देला तुह्या. गवतानं गच्च भरला होता. माशाले फिराले जागा नोती. तुमच्या घरात कोणाले टाइम भेटत नाई वाटते."

त्यांनी हौद दर उन्हाळ्यात असाच साफ केला होता. पाटाचे तोंड तुंबू नये म्हणून गवत मुळासकट ओढायचे आणि बांधापलीकडे फेकायचे, हे त्यांचे चाळीस वर्षांचे काम. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून फुकट बसण्यापेक्षा त्यांनी हाताला आले ते केले होते. नव्या वस्तीत गेल्यापासून त्यांनी आपणहून केलेले ते पहिले काम.

 विमलबाई दारातच खाली बसल्या.

बोलल्या त्या सरस्वतीबाई. हातात नळी आणि तांब्या घेऊन त्या आल्या होत्या, त्यांची रोजची वेळ होती. त्यांनी पेटीत पाहिले, मग सुनेकडे, मग व्याह्यांकडे.

"इवाईबुवा, काऊन उपटलं ते?"

"गवत होतं इहीनबाई."

"गवत तर दिसतेच हाय. कुठलं होतं ते इचारलं का कोणाले? तुमच्याच मळ्यातलं. तुमच्या हौदातलं. ह्या पोरीनं मांडीवर तांब्या धरून आणलं, दोन वर्सं पोसलं. मी, शिळ्या पाण्याचा इटाळ मानणारी बाई, तांब्या-तांब्यानं त्याले पाणी घालून राह्यली. अन् तुम्ही एका सकाळी लेकीचं माहेर उपटून मोकळे झाले."

कडूबा तसेच उभे राहिले. ओल्या हातांवरून पाणी खाली ठिबकत होते. त्यांनी हात नाकाशी नेले आणि वास घेतला.

"कुठी टाकलं म्या?" ते स्वतःलाच विचारल्यासारखे म्हणाले. मग एकदम वळून मागच्या दाराकडे चालू लागले.

मागच्या बोळात उकिरडा होता. गवताचा ढीग त्याच्या कडेला पडला होता आणि शेजाऱ्यांची शेळी त्यातले खात उभी होती. बरेच खाऊन झाले होते. कडूबांना शेळी नीट दिसली नसावी, पण खाण्याचा आवाज ऐकू आला. "हट्," म्हणून ते तिच्या अंगावर गेले आणि गुडघे टेकून ढिगापाशी बसले. डोळ्यांनी काही होण्यासारखे नव्हते. ते बोटांनी शोधत होते. तुटकी पाने बाजूला टाकत, मूळ लागले की थांबत, चिमटीत धरून चिखल झटकत आणि ओंजळीत ठेवत. त्यांची बोटे चुकत नव्हती. तोपर्यंत विमलबाईही येऊन बसल्या होत्या.  मी तांब्या भरून आणला आणि धरून उभा राहिलो. मूळ सापडले की त्यात जाई.

मूठभर निघाले. आणले होते तेवढेच असावे.

आत येऊन कडूबा पेटीसमोर बसले. पहिले रोप त्यांनी घेतले, तर्जनीने रेतीत भोक केले आणि अंगठ्याने दाबून गळ्यापर्यंत पुरले, जसे वांगे पुरतात.

"बाबा, मान मोकळी ठेवा त्याची," विमलबाई म्हणाल्या.

"हौ?"

"पुरलं की सडते."

कडूबांनी रोप अलगद वर ओढले, पांढरा भाग मोकळा होईपर्यंत. मग म्हणाले, "जिनगानीभर उपटलं ह्याले. लावाचं कसं, हे कधी पाह्यलंच नाई."

"लावलं कोणी होतं?" सरस्वतीबाई मागून म्हणाल्या. "आपोआप आलेल्याची किंमत उपटल्यावरच समजते. उरकवा आता, चहा थंडा होते."

सगळी रोपे लावून झाली तेव्हा पेटी ओकीबोकी दिसत होती. आठ-दहा दिवसांत जी काही पाने होती तीही विरघळली. कडा चहाच्या रंगाच्या झाल्या, मग पान जाळीसारखे झाले आणि गेले. भगवानराव हळूच म्हणाले, रेती काढून पेटी धुऊन ठेवावी का? विमलबाई पेटीच्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या. कडूबा म्हणाले, "थांबा. जागा बदलली की रोप पयले रडते. पानं टाकून देते. मुळीनं धरलं की मंग पाहते आजूबाजूले."

ते परत जायचे होते, गेले नाहीत. मुलाचा निरोप आला, पेरणी तोंडावर आहे. त्यांनी उलट निरोप पाठवला, पाहतो. रोज सकाळी ते खिडकीशी पाटावर बसत. पेटीत पाहण्यासारखे काही नव्हते आणि त्यांना नीट दिसतही नव्हते. उजेड हिरवा होत नव्हता. भिंतीवरच्या काचांत नुसते पांढरे ऊन हलायचे. विमलबाई कामातून येऊन शेजारी बसत. तेव्हा कधी कधी कडूबा बोलायचे. हौद कोणत्या पाथरवटाने बांधला, पहिली मोट कोणी ओतली, विमलची आई कोणत्या दगडावर बसायची. भावाच्या सांगण्याप्रमाणे गेल्या दोन वर्षांत त्यांनी निंबखेडीचे नावही काढले नव्हते. आता ते हळू आवाजात, डोळे मिटून, गावातून फिरत असत आणि विमलबाई त्यांच्या मागून चालत असत. मी बाहेर दुकानात बसून ऐकायचो. गाव पाण्याखाली होते की आम्ही, असा प्रश्न पडावा इतके सगळे शांत असायचे.

एका सकाळी कडूबांनी विमलबाईंना हाक मारली. त्यांनी बोट पाण्यात घातले होते.

"हे पाहाय. हे काय लागते माह्या बोटाले?"

विमलबाईंनी वाकून पाहिले. रेतीतून कोवळी, सुईसारखी हिरवी टोके वर आली होती. एका बुडख्याने शेजारी पाय टाकला होता.

"धरलं," त्या म्हणाल्या.

"मले वाटलंच," कडूबा म्हणाले आणि बोट बाहेर काढून धोतराला पुसले.

जून लागला तसे ते जायला निघाले. पेटीतली दोन रोपे धुमाऱ्यासकट त्यांनी स्वतः मागून घेतली. विमलबाईंनी ती तुपाच्या रिकाम्या डब्यात पेटीच्याच पाण्यात घातली. नव्या वस्तीत भिंतीला लागून दगडांचा लहानसा हौद बांधायचा, पाणी आधी मुरू द्यायचे, मग लावायचे, असे बाप-लेकीचे ठरले. त्याप्रमाणे त्यांनी तो बांधला. पुढच्या हिवाळ्यात, एक डोळा करून घेतल्यावर, हौदाच्या सांडपाण्यावर त्यांनी वांगी लावली, हे भगवानरावांकडून कळले. मी तो हौद पाहिलेला नाही. पुढे माझी बदली देऊळगाव राजाला झाली. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. विमलबाई अजून त्याच घरात आहेत आणि पेटीच्या काचा एकदा बदलल्या आहेत.

कडूबांना मोटारस्टँडवर पोचवायला मी आणि भगवानराव गेलो होतो. डबा त्यांनी मांडीवर धरला होता. कंडक्टरने झाकण उघडून आत पाहिले आणि विचारले, "गवत आहे का बाबा?"

"हाव," कडूबा म्हणाले. "गवतच हाय."

कंडक्टर म्हणाला, पाण्याचा डबा सांडतो, त्याचे वेगळे लगेज पडेल. कडूबांकडे सुटे नव्हते आणि भगवानराव पानाच्या ठेल्यावर गेले होते, म्हणून मी दिले. "पुढच्या खेपेले देतो साहेब," ते खिडकीतून म्हणाले आणि गाडी सुटली. पुढच्या खेपेस ते आले तेव्हा मी खामगावात नव्हतो.

त्या लगेजचे चाळीस पैसे कडूबांकडून यायचे आहेत.